तीस सेकंद न हलता

१

मी जळतो. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला उगाच माझी कीव यायला नको. मी माझ्या बायकोवर जळतो, आणि गेली दोन वर्षं हे चालू आहे.

के. आर. पुरमला स्टेशनच्या रस्त्यावर आमचा फोटो स्टुडिओ आहे. वडिलांनी, श्रीधररावांनी काढला, आता मी चालवतो. चार पिढ्या आम्ही बेंगळूरात आहोत. घरात मराठी, गल्ल्यावर कन्नड. काम म्हणजे पासपोर्टचे फोटो, साखरपुडे, बारशी. एकवीस वर्षं मी लोकांना एकच गोष्ट सांगत आलोय, की हलू नका. कन्नड गिऱ्हाईक असेल तर अल्लाडबेडी. गंमत अशी की मला स्वतःला तीन सेकंद एका जागी राहता येत नाही. पाय हलतो, नाहीतर तोंड चालतं. कावेरी म्हणते, तुमचा फोटो काढणं म्हणजे चालू पंख्याचा काढणं.

कावेरी माझी बायको, निपाणीची. लग्न होऊन आली तेव्हा तिला कॅमेऱ्याचं झाकणही काढता येत नव्हतं. सगळं मी शिकवलं. मग एक दिवस तिने आमच्या समोरच्या टपालपेटीचा फोटो काढला, नुसत्या पेटीचा, आणि तो मी पुन्हा पुन्हा बघत राहिलो. रोज त्या पेटीसमोरून जातो मी. मला ती कधी अशी दिसली नव्हती. तेव्हापासून गिऱ्हाईक आत येतं, मला बघतं आणि विचारतं, "अक्का इल्वा?" अक्का नाहीत का म्हणे. मी काय तिथे झाडू मारायला बसलोय.

२

नोव्हेंबरात सरकारी शिक्क्याचं पाकीट आलं. स्टुडिओच्या नावाने होतं म्हणून मी हौसेनं फोडलं. आत लिहिलं होतं, श्रीमती कावेरी यांस. जमीनमोजणीच्या जुन्या कचेरीवर सरकारी खातं एक पुस्तक काढणार होतं आणि कव्हरवरचा फोटो तिने काढायचा होता. मी पाकीट परत नीट चिकटवायचा प्रयत्न केला. चिकटलं नाही.

कब्बन पार्कच्या मागच्या अंगाला ही कचेरी आहे. लाल विटांची, दोन मजली. खाली कमानींचा व्हरांडा आणि वर हिरव्या झडपांच्या अकरा खिडक्या. रविवारी संध्याकाळी सहाला तिच्यावर दिवे सोडतात, म्हणून आमचाही रविवारच ठरला. सूर्य बुडाल्यावर आकाश गडद निळं होतं, आणि दिव्यांचा उजेड अजून त्याच्यावर मात करत नाही, अशी वीस मिनिटं मिळतात. पुढे सगळं काळं.

अशा वेळी कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा आणि शटर तीस सेकंद उघडं ठेवायचं. शटर मिटल्यावर पुढची तीस सेकंद कॅमेरा तो फोटो आत साठवण्यात घालवतो. म्हणजे मिनिटाला एक फोटो, एकूण वीस. या तीस सेकंदांत समोरून कोणी चालत गेलं तर ते फोटोत उरत नाही, झाडाची पानं पुसट होतात, झेंड्याचा धूर होतो. जे हलत नाही तेवढंच राहतं. हे मी मुद्दाम सांगतोय.

माझं काम काय, तर बॅग उचलायची, दोन घडीची स्टुलं उघडायची आणि रस्त्यावरच्या दिव्याचा झोत लेन्सवर येऊ नये म्हणून काळी छत्री धरून तिच्या शेजारी राहायचं. तेही मला धड जमत नव्हतं.

"अहो, छत्री हलतेय," ती म्हणायची.

"हात आहे तो, खांब नाही."

"मग स्वल्प गप तरी बसा. तुम्ही बोललात की छत्रीपण बोलते."

मी तोंड मिटायचो आणि दोन मिनिटांनी पुन्हा सुरू व्हायचो. पण खरं सांगू? सबंध आठवड्यात त्या वीस मिनिटांपुरतीच कावेरी माझ्या शेजारी असायची. तेवढी जागा माझी होती. जळत का होईना, मी ती सोडली नसती.

३

पहिल्या रविवारचे फोटो आम्ही घरी येऊन कॉम्प्युटरवर पाहिले. फोटो सुंदर होते. मी "बरे आहेत" म्हणालो.

मग तिने वरचा मजला मोठा केला. डावीकडून सातव्या खिडकीत एक माणूस उभा होता.

पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, एक हात झडपेवर. चेहरा वाटाण्याएवढा, त्यात नाकडोळे काही कळत नव्हते. रविवारी सरकारी कचेरीत माणूस, हेच आधी मला पटेना. कोणी साहेब राहिला असेल कामाला, असं म्हणत मी पडद्याजवळ वाकलो. त्याच्या कडा बघा. झडपेची लाकडी पट्टी जेवढी रेखीव, तेवढाच त्याचा खांदा रेखीव. तीस सेकंदांत श्वास घेतला तरी माणसाचा खांदा पुसट होतो.

"पुढचा फोटो दाखव," मी म्हणालो.

पुढच्यात तो होता. त्याच्या पुढच्यातही. विसांच्या विसांत तो तसाच होता, हात झडपेवर, बोटंसुद्धा तीच.

"पुतळा असणार," मी म्हणालो. "नाहीतर खुंटीला शर्ट टांगलाय कोणी. काचेवर डाग पडला असेल."

"माणूस आहे," कावेरी म्हणाली. "माझ्याकडे बघतोय."

"पुसून टाक. खातं काय म्हणेल?"

"का पुसू? किती छान उभा राहिलाय."

ती हे ज्या आवाजात म्हणाली तो मी ओळखतो. टपालपेटीचा फोटो दाखवताना तिचा तसाच आवाज होता. माझ्याबद्दल बोलताना मी तो एकदाही ऐकलेला नाही. कोण कुठला तो, वीस मिनिटं तिच्यासाठी बोट न हलवता उभा राहतो, आणि मी नवरा असून मला छत्री धरता येत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भीती वाटायला हवी होती हे आज कळतं. तेव्हा नुसता राग आला होता.

४

दुसऱ्या रविवारी मी माझा कॅमेरा घेऊन गेलो. तिला म्हटलं, मलाही हात साफ करायचाय. छत्री स्टुलाला दोरीने बांधली, माझी तिपाई तिच्या तिपाईला चिकटून लावली, लेन्सही तेवढीच घेतली. तिने शटर दाबलं की मी दाबत होतो.

खिडकीकडे मी डोळे फाडून बघत होतो. सातवी खिडकी रिकामी होती. झडप उघडी, आत काळोख. वीस मिनिटांत तिथे पाखरूसुद्धा आलं नाही. मला हायसं वाटलं, आणि त्या आनंदात मी इतका बोललो की कावेरीने कानांत बोळे घातले.

घरी आलो आणि माझे फोटो आधी लावले. खिडकी रिकामी. मग तिचे लावले.

तो तिच्या विसांच्या विसांत होता, शर्टाच्या कॉलरसकट.

मी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. तीच वेळ, तेच आकाश, तोच झेंड्याचा धूर. व्हरांड्यात बसलेलं कुत्रं दोन्हींत होतं. मी तिच्या कॅमेऱ्याचं कार्ड माझ्या कॅमेऱ्यात घातलं, लेन्स उलटसुलट करून पाहिली, धुळीचा डाग शोधला. मध्येच लक्षात आलं की मी डाग सापडावा म्हणून देवाला हात जोडतोय.

"कव्हरला हाच फोटो देते मी," कावेरी म्हणाली. "ह्याच्यामुळे इमारतीत कोणी राहतंय असं वाटतं."

"माझ्या फोटोत तो नाही, हे तुला विचित्र नाही वाटत?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या फोटोत पुष्कळ काही नसतं," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो, ती आपली खरं तेच बोलली. म्हणून जास्त लागलं.

५

मंगळवारी मी दुकानाला कुलूप लावलं आणि एकटाच कचेरीत गेलो. तिथला वॉचमन यल्लाप्पा, अथणीकडचा. कावेरीच्या मुलखातला, म्हणून आमची ओळख पटकन झाली होती. मराठी बोलतो, मध्येमध्ये कन्नडात घसरतो.

"यल्लाप्पा, रविवारी वर कोण असतं?"

"रविवारी? सोमवारी दहाच्या आत इथं कोण येत नाही अण्णा, आणि रविवारी कोण येतंय?"

"वरच्या सातव्या खिडकीची खोली दाखव ना. फोटोसाठी बघायचीय."

"सरी, चला. पण धूळ लई हाय."

दगडी जिना चढून वर गेलो. आमच्या चपलांचा आवाज पुढे जाऊन भिंतीला लागून परत येत होता. लांबलचक खोली होती. दोन्ही बाजूंना लोखंडी कपाटं, त्यांत गुंडाळलेले नकाशे, आणि जुन्या कागदांचा कुबट वास. जमिनीवर राखेसारखी धूळ होती. यल्लाप्पा दारातच थांबला, तंबाखू मळत. मी खिडकीपर्यंत गेलो तर माझी पावलं धुळीत स्पष्ट उमटली. तेवढीच पावलं होती तिथे, दुसरी कोणाचीच नव्हती.

खिडकीशी मात्र जमीन दोन ठिकाणी स्वच्छ होती. शेजारीशेजारी, तळव्याएवढ्या दोन जागा. फरशीचा काळा रंग चकाकत होता. तिथपर्यंत यायच्या खुणा नाहीत, तिथून जायच्याही नाहीत.

शहाणा माणूस मागे फिरला असता. मी चपला काढल्या आणि त्या दोन जागांवर पाय ठेवून उभा राहिलो. फरशी कोमट होती. म्हटलं, ऊन येत असेल. खिडकीचं तोंड उत्तरेला आहे हे मला घरी गेल्यावर आठवलं.

तिथून काय दिसत होतं माहीत आहे? पार्कची झाडं मध्ये येतात, रस्ता दिसत नाही, फाटकही दिसत नाही. हिरवळीचा एकच तुकडा मोकळा दिसतो. कावेरी तिपाई रोवते तो नेमका हाच तुकडा होता.

६

मग मी ठरवलं. त्या खिडकीत कोणी उभं राहायचंच असेल तर मी राहीन. तो येतो तिथे मी आधीच जाऊन बसलो, तर तो येणार कुठे? आणि तिच्या फोटोत, तिच्या कव्हरवर, मी असेन. हसू येईल तुम्हाला. मला तेव्हा हा बेत फार हुशारीचा वाटला होता.

तिसऱ्या रविवारी स्टुलं मांडली, छत्री उघडून दोरीने बांधली आणि कावेरीला म्हटलं, "मी जरा चहा घेऊन येतो गेटवरून."

"आत्ता? दिवे लागायची वेळ झाली."

"आलोच."

यल्लाप्पाला आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने दार उघडं ठेवलं आणि तो दिव्यांची बटणं दाबायला मागे गेला. मी चपला जिन्यात काढल्या. सातव्या खिडकीत कोणी नव्हतं. मी त्या दोन जागांवर उभा राहिलो, डावा हात झडपेवर ठेवला आणि खाली पाहिलं.

दिवे लागले. खालून सगळी भिंत पिवळी झाली आणि त्या उजेडापलीकडे हिरवळ निळसर दिसायला लागली. तिपाई दिसली. कावेरी दिसली, कॅमेऱ्यावर वाकलेली. तिच्या शेजारी काळी छत्री दिसली.

छत्रीखाली दोन पाय होते.

आधी मला वाटलं स्टुलाचेच पाय. मग कावेरी त्या बाजूला मान वळवून काहीतरी बोलली आणि हसली. वर आवाज आला नाही. छत्री जराही हलली नाही. तिच्या दांड्यावर एक हात होता, मनगटापासून कोपरापर्यंत. बाकीचं छत्रीच्या आड होतं.

मी ओरडणारच होतो. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात कावेरीने शटर दाबताना खांदा उचलला, आणि एकवीस वर्षांची सवय माझ्या मानगुटीवर बसली. शटर उघडं आहे. हललो तर मी फोटोत राहणार नाही.

म्हणून मी हललो नाही.

तीस सेकंद संपली. आता खाली पळावं की नाही, हे ठरवेपर्यंत शटर पुन्हा उघडलं. मी मनात मोजत होतो, श्वास कोंडत होतो. ती दर फोटोनंतर शेजारी वळून बोलत होती आणि मी वर खांब होऊन उभा होतो, तिच्या फोटोत नीट यावं म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा मी वीस मिनिटं हललो नाही. पायाखालची फरशी आता थंडगार होती.

विसाव्या फोटोनंतर तिने तिपाई उचलून चार पावलं मागे नेली आणि कॅमेरा छत्रीकडे वळवला. छत्री बाजूला झाली. तेव्हा मात्र मी धावलो. चेहरा मी पाहिला नाही.

७

खाली पोहोचलो तर ती बॅग भरत होती. छत्री मिटून स्टुलावर ठेवलेली होती. आसपास कोणी नव्हतं.

"कोण होतं इथे?" मला धाप लागली होती.

"कोण म्हणजे?"

"तुझ्या शेजारी. आत्ता."

"तुम्हीच की. चहाला जातो म्हणालात आणि लगेच परत आलात." तिने बॅगेची चेन लावली. मग माझ्या दंडाला हात लावला. असा तिने कित्येक वर्षांत लावला नव्हता. "आज फार बरं वाटलं बघा. एक शब्द बोलला नाहीत. नुसते शेजारी उभे राहिलात. मीच बडबडले सगळं."

"मी वर होतो, कावेरी. त्या खिडकीत."

"बरं," ती हसून म्हणाली. "आता नका सुरू होऊ."

घरी येऊन मी तिच्या आधी फोटो लावले. सातवी खिडकी रिकामी होती. विसांच्या विसांत रिकामी. मी नव्हतो, आणि तोही नव्हता. त्याचा पत्ता लागला तो एकविसाव्या फोटोत.

त्यात मी आहे. माझाच चौकड्यांचा शर्ट, माझं घड्याळ, माझं वाढलेलं पोट. मागे जेमतेम निळं उरलेलं आकाश आणि पिवळी कचेरी. असा फोटो माझा कधी कोणी काढलेला नाही. यालाही शटर तीस सेकंद उघडं होतं, कॅमेऱ्यातच नोंद आहे. तीस सेकंदांत माणूस सहासात वेळा डोळे मिटतो, म्हणून अशा फोटोत डोळे धूसर येतात. यात पापणी न पापणी मोजता येते.

कावेरीने तो मोठा करून स्टुडिओत गल्ल्यामागे लावलाय. कव्हरला तिने दुसऱ्या रविवारचाच फोटो दिला, खिडकीतल्या माणसासकट. पण येणाऱ्याजाणाऱ्याला ती हा दाखवते. लोक म्हणतात, अण्णा, किती शांत दिसता. दिवसभर माझी पाठ त्याच्याकडे असते.

८

काम संपलं तरी आम्ही रविवारी जातो. कावेरीला तिथे जायला आवडायला लागलंय. मी आता बोलत नाही. छत्री दोन्ही हातांनी धरतो, दात आवळतो, मनात मोजतो. घरी आरशासमोर सराव करतो. पस्तीस, कधी चाळीस सेकंद जमतं. शेवटी ती कॅमेरा माझ्याकडे वळवते, फोटो काढते, पडद्यावर बघते.

"हललात," ती म्हणते.

मी पुन्हा उभा राहतो. ती पुन्हा काढते. ओरडत नाही, चिडत नाही. एखादी वस्तू हरवल्यावर माणूस जसा तोच कप्पा परत परत उघडून बघतो, तशी ती पडद्याकडे बघत राहते.

वरची सातवी खिडकी उघडी असते. तिच्या कुठल्याही फोटोत तिथे आता कोणी नसतं. मग तो कुठे असतो, हे मी विचारायचं सोडून दिलंय. वीस मिनिटं छत्रीखाली उभं असताना माझ्या पाठीशी हिरवळीवर कोणी श्वास घेत नाही, एवढं मात्र मला सतत ऐकू येतं.

गेल्या रविवारीही दिवे लागायच्या सुमारास मी छत्री उघडली. कावेरीने तिपाई रोवली, कॅमेरा बसवला. दोन्ही स्टुलं तिनेच मांडली होती, एकमेकांना चिकटून. मी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसायला गेलो.

तिने माझ्या हातातली छत्री हळूच काढून घेतली. डोळा कॅमेऱ्यालाच होता.

"अहो," ती म्हणाली, "आज चहाला नाही का जायचं?"